उघड्यावरचा कॉम्प्युटर: आधी झिणझिण्यांचं बघा, मग कॅबिनेटचं

इचलकरंजीच्या एका इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याने विचारलंय: "जुना मायक्रो-एटीएक्स (लहान मापाचा) मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि एक ग्राफिक्स कार्ड असं सुटं सुटं जमवलं. कॅबिनेटपुरते पैसे उरले नाहीत. बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून आठ दिवस टेबलावर चालवतोय, काही अडलं नाही. मित्र म्हणतो, मोकळ्या हवेत उलट थंड राहतो. वडील म्हणतात, एखाद्या दिवशी कुणाला तरी शॉक बसेल, कारण एसएमपीएसला (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याला) हात लागला की झिणझिण्या येतात. घराला लागूनच यंत्रमागाची शेड आहे. असंच कायम ठेवलं तर चालेल का?"

मी रत्नागिरीत २२ वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतो. माझ्या टेबलावर रोज दोन-तीन बोर्ड असेच उघडे चालू असतात, त्यामुळे "चालेल का" याचं उत्तर सोपं आहे: चालेल. आपण पत्र्याच्या पेटीत आहोत की पुठ्ठ्यावर, हे बोर्डाला कळतसुद्धा नाही. पण घरात कायमचा तसाच ठेवू का, असं विचाराल तर मी नको म्हणेन, आणि तुमच्या घरात तर नक्कीच नको. मित्राचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. वडिलांचं बरोबर आहे, पण त्यांना वाटतंय त्या कारणाने नाही. त्यांच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो, कारण ते काम आजच्या आज करायचं आहे.

त्या झिणझिण्यांचा आणि कॅबिनेट नसण्याचा काही संबंध नाही. एसएमपीएसमध्ये २३० व्होल्टचा पुरवठा शिरतो तिथेच दोन बारके कपॅसिटर बसवलेले असतात, एक फेज आणि पत्र्याच्या मध्ये, दुसरा न्यूट्रल आणि पत्र्याच्या मध्ये. विजेच्या तारांतला गोंगाट अर्थिंगमध्ये सोडून देणं हे त्यांचं काम. अर्थिंग धड असेल तर पत्रा शून्यावर राहतो. अर्थिंग नसेल तर तो या दोन कपॅसिटरच्या मधोमध लटकतो, म्हणजे साधारण ११५ व्होल्टवर. करंट मिलीअँपिअरच्या काही अंशाइतकाच असतो, म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. बोर्डाचा ग्राउंड एसएमपीएसच्या काळ्या तारांनी याच पत्र्याला जोडलेला असल्याने यूएसबीचं तोंड, एचडीएमआयचं कवच, हेडफोनची पिन, सगळीकडे तेच जाणवतं. उद्या कॅबिनेट आणलंत तर त्याचा सगळा पत्रा झिणझिणायला लागेल, एवढाच फरक.

खरी भीती पुढची आहे. एसएमपीएसच्या आत कधी बिघाड होऊन फेज थेट पत्र्याला लागली, तर अर्थिंग असलेल्या घरात फ्यूज किंवा एमसीबी उडतो. अर्थिंग नसलेल्या घरात काहीच उडत नाही, पत्रा २३० व्होल्टवर तसाच बसून राहतो आणि कुणीतरी हात लावायची वाट बघतो. दुसरं नुकसान लहान पण रोजचं: टीव्हीची एचडीएमआय केबल चालू कॉम्प्युटरला लावताना बारीक ठिणगी पडते आणि पोर्ट जातो. असे बोर्ड माझ्याकडे पुष्कळ येतात, आणि प्रत्येकाचं म्हणणं असतं की केबलच हलकी होती.

घरातला टेस्टर एसएमपीएसच्या पत्र्याला लावून बघा. दिवा लागला तर अर्थिंग नाही, असं समजून चाला. मग वायरमनला बोलवा. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्हीकडे मीटरवर २३० च्या आसपास यायला हवेत आणि न्यूट्रल-अर्थमध्ये फार तर चार-पाच व्होल्ट. पुष्कळदा दोष भिंतीत नसतोच. स्वस्तातल्या एक्स्टेन्शन बोर्डात तिसरं भोक असतं, पण आत त्याला तारच जोडलेली नसते. किंवा मध्ये कुठेतरी तीन पिनचं दोन पिन करणारं कनेक्टर घुसवलेलं असतं. एक गोष्ट मात्र कुणालाही करू देऊ नका. काही वायरमन सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात आणि "झालं काम" म्हणतात. झिणझिण्या जातात खऱ्या, पण मागे कुठे न्यूट्रल तुटली की घरातल्या प्रत्येक पत्र्यावर फेज येते. अर्थिंग नीट होईपर्यंत तो कॉम्प्युटर बंद ठेवा.

अर्थिंग झालं, असं धरून पुढे जातो.

वडिलांना उघड्या बोर्डाची भीती वाटते, पण बोर्डावर शॉक बसण्याजोगं काही नसतं. एसएमपीएसमधून बाहेर येणारे व्होल्टेज १२, ५ आणि ३.३. कोरड्या हाताला ते जाणवतही नाहीत. हातात अंगठी किंवा कडं असेल तर मात्र काढून ठेवा. १२ व्होल्ट अंगाला काही करत नसले, तरी त्या तारेत कित्येक अँपिअर वाहायची तयारी असते आणि दोन टोकांमध्ये अडकलेली अंगठी क्षणात तापते. जीव घेणारी वीज एसएमपीएसच्या डब्यात आहे. तिथल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट चढलेले असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकतात. तो डबा उघडायचा नाही. उघड्यावर ठेवल्यावर त्याच्या जाळीतून आत काही जाणार नाही, हे बघायचं. घरात दोन-तीन वर्षांचं पोर असेल तर पुढचं वाचूही नका, सरळ कॅबिनेट घ्या. विणकामाची सुई आणि एसएमपीएसची जाळी एकाच उंचीवर असणं मला चालत नाही.

आता खोक्याचं. बोर्ड त्याच्या खोक्यावर ठेवणं ही जगभरच्या दुरुस्तीवाल्यांची पद्धत आहे, त्यात चूक काही नाही. पुठ्ठा वीज वाहत नाही. चूक करतात ती त्या राखाडी चकचकीत पिशवीची. बोर्ड त्या पिशवीत येतो म्हणून पिशवीवर ठेवून चालू करतात. तिच्यात धातूचा थर असतो, स्थिर विद्युत साचू नये यासाठी ती बनवलेली असते. चालू बोर्डाखाली ती नको. काळा, कडक फोम मिळतो तोही नको, तो वीज वाहतो. आणि पुठ्ठा दोन-चार दिवसांच्या चाचणीसाठी ठीक आहे. कायमचा म्हटलं की तो दमट होतो, वाकतो, आणि मुळात जळणारा आहे. पत्र्याच्या कॅबिनेटचं एक काम कुणी बोलून दाखवत नाही: आत एखादा भाग पेटलाच तर ती आग पत्र्याच्या आत राहते. टेबलावर तिच्या शेजारी तुमच्या वह्या आहेत.

मित्र म्हणतो ते थंडाव्याचं. प्रोसेसरपुरतं तो बरोबर आहे. बंद कॅबिनेटमध्ये आतली हवा खोलीपेक्षा काही अंशांनी गरम असते, उघड्यावर कुलरला, म्हणजे प्रोसेसरवरच्या पंख्याला, थेट खोलीची हवा मिळते. आडव्या बोर्डावर जड टॉवर कुलरचा भारही सरळ खाली जातो, उभ्या बोर्डासारखा तो लोंबकळत नाही. पण चांगल्या कॅबिनेटमध्ये पुढून हवा आत येते आणि मागून बाहेर पडते. जाताना ती प्रोसेसरच्या शेजारच्या, त्याला वीज जुळवून देणाऱ्या व्होल्टेज-सर्किटवरून, चिपसेटवरून, बोर्डावरच चपट्या बसणाऱ्या एम डॉट टू एसएसडीवरून जाते. उघड्यावर हा झोत नसतो. प्रोसेसर ६० अंशांवर आहे म्हणून आपण खूश, आणि शेजारच्या व्होल्टेज-सर्किटमधले मॉस्फेट बोट ठेववत नाही इतके तापलेले. तुमच्या प्रोसेसरबरोबर आलेला साधा गोल कुलर असेल तर तो हवा खाली बोर्डावर सोडतो, म्हणजे आजूबाजूच्या भागांनाही थोडी मिळते. टॉवर कुलर हवा आडवी फेकतो, खाली काही पोचत नाही. उघड्यावर काम करायचं तर मला तो स्वस्तातला कुलर जास्त आवडतो, हे ऐकून गेमवाली पोरं हसतात.

पण तुमच्या बाबतीत उष्णतेचा हिशेब शेवटी कापसावर येऊन थांबणार. शेडमधली तूस, जी तुम्हाला रोज खिडकीच्या गजावर आणि पंख्याच्या पात्यावर दिसते, ती कुलरचा पंखा ओढून घेतो. हीटसिंकच्या, म्हणजे पंख्याखालच्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांच्या तोंडाशी ती जमते आणि काही आठवड्यांत तिथे नमद्यासारखा थर तयार होतो. पंखा फिरताना दिसतो, आवाजही येतो, फक्त हवा पलीकडे जात नाही. मग प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही भागलं नाही तर मशीन एकदम बंद पडतं. लोक विंडोज टाकून बघतात, रॅम बदलून बघतात. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी, जिथे जिथे माग आहेत तिथे हा आजार असणारच. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर हीच तूस अडते आणि दर पंधरा दिवसांनी जाळी झटकली की झालं. उघड्या बोर्डाला जाळी नाही. शिवाय कापूस किती झटकन पेटतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

साफ करताना रंगकामाचा मऊ ब्रश वापरा. ब्लोअर मारायचा तर पंख्याचं पातं बोटाने धरून मारा, नाहीतर पंखा वेड्यासारखा फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं.

आमच्याकडे कोकणात कापूस नाही, पण समुद्र आहे. जून ते सप्टेंबर खारट दमट हवा, रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मळकट थर चढतो, उघड्या राहिलेल्या तांब्यावर हिरवा. सगळे खोडरबर घासतात. मीही घासायचो. आता घासत नाही, कारण रबराबरोबर सोन्याचा पातळ मुलामाही थोडा थोडा जातो. सुती कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसलेलं बरं.

आणि पाली. माणसांना धुळीची काळजी असते, मला पालीची. बोर्ड उबदार, त्यावर रात्री एलईडी लुकलुकतात, दिव्यावर किडे येतात, किड्यांमागे पाल. काही वर्षांपूर्वी जूनमध्ये एका गिऱ्हाइकाचा बोर्ड मी रात्रभर चाचणीला लावून दुकान बंद केलं. सकाळी येऊन बघतो तर पाल प्रोसेसरच्या १२ व्होल्टच्या जोडणीपाशी आडवी, करपलेली, आणि बोर्ड कायमचा गेलेला. वास दोन दिवस दुकानात होता. बोर्डाचे पैसे मी भरले, कारण चूक माझीच होती. पाल मरायलाच पाहिजे असंही नाही. तिची विष्ठा ओली असताना दोन पिनांना जोडते आणि वाळल्यावर तांबं खाते. अशा बोर्डाला वॉरंटी कुणी देत नाही. तेव्हापासून रात्री माझ्या टेबलावर एकही बोर्ड उघडा चालू नसतो. दुकानात पाली नाहीत असं बायको म्हणते, तरीही.

दसऱ्याचंही सांगून ठेवतो. खंडेनवमीला किंवा दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा होणार आणि घरातलं कुणीतरी ओल्या बोटाने हळद-कुंकू लावणार. बंद कॅबिनेट असेल तर पत्र्यावर लागतं. उघड्यावर ते रॅमच्या खाचेत गेलेलं मी स्वतः काढलं आहे. पूजा जरूर करा, पण प्लग काढून, आणि कुंकू एसएमपीएसच्या डब्यावर.

ग्राफिक्स कार्डाबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथे नवखे हमखास फसतात. कार्डाच्या मागे जी पत्र्याची पट्टी असते, तिचं खालचं टोक बोर्डाच्या पातळीच्या खाली उतरतं. कॅबिनेटमध्ये ते टोक खाचेत जातं. तुम्ही बोर्ड सपाट टेबलावर ठेवलात तर ते टोक टेबलाला टेकतं आणि कार्डाची ती बाजू स्लॉटमधून एक-दोन मिलिमीटर वर उचलली जाते. मग डिस्प्ले कधी येतो, कधी येत नाही, आणि दोष कार्डाला लागतो. खोक्यावर चालवताना बोर्डाची पोर्टवाली कड खोक्याच्या कडेला आणा, म्हणजे पट्टी बाहेर मोकळी लटकेल. तरीही ती स्क्रूने धरलेली नसते. एचडीएमआयची जाड केबल ओढली गेली की सगळा ताण स्लॉटवर. आठशे ग्रॅम, किलोभर वजनाचं कार्ड नुसत्या प्लास्टिकच्या खाचेत उभं आहे आणि शेजारून आई केर काढतेय, हे चित्र डोळ्यांसमोर आणा.

हार्डडिस्क असेल तर तीही टेबलावर नुसती ठेवू नका. तिच्या पोटावर उघडा सर्किट बोर्ड असतो आणि चालू असताना ती सरकली किंवा पडली तर डेटा गेला. तुमची एसएसडी आहे, तेव्हा हा प्रश्न नाही.

रॅम, कार्ड काढता-घालताना नुसतं शटडाउन पुरत नाही. प्लग लावलेला असेपर्यंत एसएमपीएस बोर्डाला ५ व्होल्ट देतच असतो, पॉवर बटण दाबल्याचं कळावं म्हणून. सॉकेटचं बटण बंद करा, बोर्डावरचा बारका दिवा विझेपर्यंत थांबा, एसएमपीएसच्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवा, मग हात घाला. कॅबिनेटमध्ये हे लोक पाळतात, कारण दार उघडावं लागतं. उघड्यावर सगळं समोरच असतं, आणि "एवढी रॅम जरा दाबून बघतो" म्हणत चालू मशीनमध्ये बोट जातं.

चालू करायला तुम्ही बहुधा बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने टेकवत असाल. ते बरोबर आहे, पण रोज नको. हात सरकला की शेजारच्या पिना जुळतात. इलेक्ट्रिकलच्या दुकानातून दारावरच्या घंटीचं साधं दाबायचं बटण आणा, त्याच्या दोन तारा पॉवर स्विचच्या दोन पिनांना जोडा. कुठली तार कुठे, याने फरक पडत नाही. बटण दाबून सोडायचं असावं, दिव्याचं चालू-बंद बटण चालणार नाही. पॉवर पिना सतत जुळलेल्या राहिल्या तर चारेक सेकंदांत मशीन बंद होतं.

उघड्यावर मोठमोठ्यांनीही काम केलंय, असं मित्र म्हणेल, आणि ते खरं आहे. १९९९ साली गूगलने आपले सर्व्हर असेच बनवले होते. एका ट्रेवर चार मदरबोर्ड, शॉर्ट होऊ नये म्हणून खाली बुचाचा थर, कॅबिनेट नाहीच. त्यातला नमुना कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये ठेवलेला आहे. क्रिप्टो मायनिंगवाल्यांच्या, म्हणजे ग्राफिक्स कार्डं चालवून आभासी चलन कमावणाऱ्यांच्या, फ्रेमही उघड्याच. पण त्या खोल्यांत कापसाची तूस नव्हती, पोरं खेळत नव्हती, आणि एक बोर्ड गेला तर दुसरा लावायला माणूस आणि पैसा दोन्ही होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग बंद झाल्यावर अशा फ्रेम जुन्या बाजारात निघाल्या. तुम्हाला मिळाली तर मोह होईल. त्यात कार्ड वर टांगलेलं असतं आणि बोर्डाला यूएसबीसारख्या केबलच्या रायझरने जोडतात, ज्यातून एकाच लेनचा, म्हणजे माहिती जायच्या एकाच वाटेचा, वेग मिळतो. मायनिंगला तेवढा पुरत होता, गेमला पुरत नाही.

कॅबिनेट येईपर्यंत मधल्या दिवसांसाठी खोक्याऐवजी १२ मिलिमीटरचा प्लायचा तुकडा घ्या. मायक्रो-एटीएक्स बोर्ड फार तर २४४ बाय २४४ मिलिमीटर असतो, दीड फूट बाय सव्वा फुटाचा प्लाय एसएमपीएससकट पुरतो. बोर्डाची भोकं पेन्सिलीने उतरवून घ्या आणि पितळी स्टँडऑफ (बोर्ड वर उचलून धरणारे छोटे खांब) बसवा. पोर्टची बाजू प्लायच्या कडेशी. कडेला अॅल्युमिनियमचा एल-अँगल उभा करून त्याला एक भोक पाडा आणि कार्डाची पट्टी वरून स्क्रूने धरा. एसएमपीएस आडवा, पंखा बाजूला तोंड करून, पट्ट्याने आवळलेला. रात्री बंद करून वर धुतलेली चादर टाका, पण मशीन गार झाल्यावर, चालू असताना मुळीच नाही.

आणि नव्या कॅबिनेटचे दीड-दोन हजार जमत नसतील तर नवं घेऊच नका. दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात मागे दहा-वीस जुनी कॅबिनेट पडलेली असतात. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला तर ढीग मिळतील, पण तेवढ्यासाठी जायची गरज नाही, इचलकरंजीत किंवा कोल्हापुरातच विचारा. गंज नसलेलं, पुढे जाळी असलेलं, मागे १२० मिलिमीटर पंख्याची जागा असलेलं बघा. समोरची यूएसबी चालत नसेल तर सोडून द्या. तुमच्या कार्डाची लांबी टेपने मोजून न्या, जुन्या कॅबिनेटमध्ये हार्डडिस्कचा पिंजरा मध्ये येतो.

बोर्ड बसवण्याआधी एक नजर मागच्या पत्र्यावर टाका. आधीच्या मालकाचा बोर्ड मोठा असेल तर त्याचे स्टँडऑफ तिथेच राहिलेले असतात. तुमच्या बोर्डाला जिथे भोक नाही तिथे एखादा उरला, तर तो बोर्डाच्या पोटातल्या सोल्डरच्या टाक्यांना टेकतो आणि आठ दिवस खोक्यावर बिनतक्रार चाललेलं मशीन कॅबिनेटमध्ये घातल्या घातल्या चालूच होत नाही. जादा आहेत ते पान्याने काढून टाका, हवे तेवढेच ठेवा.